आई-वडिलांसह कोन्स्टान्झ: दोन रात्रींची सहल कशी आखावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही कार्ल्सरुहला राहता. सप्टेंबरच्या मध्यावर सांगलीहून तुमचे आई-वडील येत आहेत आणि त्यांना घेऊन बोडेनझे सरोवराकाठच्या कोन्स्टान्झ शहरात शुक्रवार ते रविवार, दोन रात्री राहण्याचा तुमचा विचार आहे. वडिलांना इतिहासाची आवड आहे, आईचे गुडघे दुखतात आणि दोघेही शाकाहारी आहेत. माइनाऊ आणि राइशेनाऊ ही बेटे, काठावरची मेर्सबुर्ग आणि लिंडाऊ ही गावे, फ्रीडरिशहाफनचे झेपेलिन संग्रहालय आणि स्वित्झर्लंडमधला राइनचा धबधबा एवढे सगळे या तीन दिवसांत बसेल का, असे तुम्ही विचारले आहे.

वेळापत्रकात ते बसेल, पण बसवू नका. दक्षिण जर्मनीत मराठी कुटुंबांच्या सहली आखण्याचे आणि त्यांच्याबरोबर फिरण्याचे काम मी गेली अठरा वर्षे करतो आहे. सुरुवातीच्या काळात अशाच एका कुटुंबाला मी दोन दिवसांत सहा ठिकाणे दाखवली. परतताना त्यांतल्या आजी म्हणाल्या, की सरोवर फार सुंदर असणार, पण त्याच्या काठावर आपण बसलो कधी? तेव्हापासून कोन्स्टान्झसाठी माझा एकच नियम आहे. शहराला एक पूर्ण दिवस द्यायचा, पाण्याला एक दिवस द्यायचा आणि उरलेल्या अर्ध्या दिवसात फक्त एक जागा पाहायची. लिंडाऊ, झेपेलिन संग्रहालय आणि धबधबा या तिन्ही जागा पाहण्याजोग्या आहेत, परंतु या खेपेला त्या सोडून द्या.

ठिकाणांच्याही आधी वारांचा विचार करायला हवा, कारण या शहरात वार चुकला की निम्मी सहल बिघडते. कोन्स्टान्झ आणि स्वित्झर्लंडचे क्रॉइत्सलिंगन ही दोन शहरे एकमेकांत इतकी मिसळली आहेत, की सीमा एखाद्या गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबते. स्वित्झर्लंडपेक्षा जर्मनीत किराणा आणि प्रसाधने बरीच स्वस्त पडतात, शिवाय सीमेपलीकडे राहणाऱ्या ग्राहकांना जर्मन विक्रीकर परत मिळतो. त्यामुळे शनिवारी सीमेपलीकडून खरेदीला येणाऱ्यांची एवढी गर्दी होते, की जुन्या पेठेत निवांत चालणे अवघड जाते. रविवारी दुकाने बंद असतात, मात्र संग्रहालये, चर्च आणि उपाहारगृहे उघडी असतात आणि रस्ते मोकळे असतात. सोमवारी संग्रहालये बंद, पण जहाजे आणि माइनाऊ बेट चालू. म्हणून तुम्हाला सोमवार-मंगळवारची रजा मिळत असेल, तर शुक्रवारऐवजी रविवारी सकाळी निघा, रविवार शहरात घालवा, सोमवार पाण्यावर घालवा आणि मंगळवारी राइशेनाऊ पाहून परता. रजा मिळत नसेल, तर शुक्रवारी पोहोचून शनिवारचा सगळा दिवस शहराबाहेर, म्हणजे जहाजावर आणि बेटावर काढा आणि जुने शहर रविवारी पाहा. पुढची मांडणी मी पहिला पर्याय धरून करतो.

कार्ल्सरुहहून कोन्स्टान्झला ब्लॅक फॉरेस्ट रेल्वेची थेट प्रादेशिक गाडी जाते आणि सुमारे तीन तास घेते. हा प्रवास म्हणजे सहलीचाच भाग समजा. रोबेर्ट गेरविग या अभियंत्याने आखलेला हा मार्ग १८७३मध्ये पुरा झाला आणि त्यावर ३९ बोगदे आहेत. होर्नबेर्ग आणि सांक्ट गेओर्गन या दोन स्थानकांमधले हवाई अंतर जेमतेम ११ किलोमीटर असले, तरी रूळ मात्र वळसे घेत घेत २६ किलोमीटर जातात, कारण चढ गाडीला पेलेल इतपत ठेवण्यासाठी गेरविगने रूळ दरीतच वेटोळ्यांसारखे फिरवले. खंडाळ्याच्या घाटातून जन्मभर ये-जा केलेल्या तुमच्या वडिलांना यात नक्की रस वाटेल. जाताना उजव्या बाजूच्या खिडक्या धरा, कारण राडोल्फत्सेल सोडल्यावर सरोवराचा खालचा भाग त्याच बाजूला दिसू लागतो. तिकिटासाठी बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याचे एकदिवसीय तिकीट तिघांना मिळून सर्वांत सोयीचे पडते. ते एका व्यक्तीपासून पाच जणांपर्यंत काढता येते आणि प्रादेशिक गाड्यांबरोबर शहरातल्या बसमध्येही चालते. शनिवार-रविवारी ते मध्यरात्रीपासून वैध असते, पण कामाच्या दिवशी सकाळी नऊनंतरच, हे मंगळवारच्या परतीसाठी लक्षात ठेवा. जलद लांब पल्ल्याच्या गाड्यांत आणि जहाजांवर ते चालत नाही.

मुक्काम जुन्या शहरात, स्थानकापासून पायी दहा मिनिटांच्या आत घ्या. तो महाग पडत असेल, तर राइनच्या पलीकडचा पेटर्सहाउझन हा भाग पाहा. तिथून पूल ओलांडला की तुम्ही जुन्या शहरात असता. आरक्षण करताना खोलीच्या देखाव्यापेक्षा लिफ्ट आहे का, हे आधी विचारा. इथल्या कित्येक इमारती मध्ययुगीन आहेत आणि अरुंद, वळत्या जिन्याने तिसऱ्या मजल्यावर जाणे आईंना झेपणार नाही. मुक्कामाच्या ठिकाणी पाहुण्यांचे कार्ड मागून घ्या. पर्यटन कर भरणाऱ्या पाहुण्यांना त्यावर शहराच्या बसने फिरता येते.

आता शहराकडे वळतो. कोन्स्टान्झ समजून घेण्याची किल्ली १४१४ ते १४१८ या चार वर्षांत आहे आणि वडिलांना ती आदल्या रात्री सांगून ठेवलीत, तर दुसऱ्या दिवशी प्रत्येक दगड बोलू लागेल. त्या काळी कॅथलिक चर्चमध्ये एकाच वेळी तीन पोप होते आणि तिघेही स्वतःलाच खरे म्हणवत होते. हा तिढा सोडवण्यासाठी राजा सिगिस्मुंड याच्या पुढाकाराने युरोपभरचे धर्माधिकारी, राजदूत आणि विद्वान या लहानशा शहरात परिषदेसाठी जमले. तिन्ही पोपना बाजूला सारून ११ नोव्हेंबर १४१७ रोजी मार्टिन पाचवा याची निवड झाली. जर्मन भूमीवर पोपच्या निवडीसाठी भरलेले ते एकमेव कॉनक्लेव्ह आहे. त्यात २३ कार्डिनलांबरोबर, म्हणजे पोपखालोखालच्या धर्माधिकाऱ्यांबरोबर, पाच राष्ट्रगटांचे प्रत्येकी सहा, असे ३० प्रतिनिधीही मतदार होते. हे कॉनक्लेव्ह ज्या वास्तूत भरले, ती बंदरावरची ‘कोन्त्सील’ नावाची प्रचंड छपराची इमारत मुळात १३८८मध्ये बांधलेली व्यापारी वखार आहे. आत जायला नेहमी मिळतेच असे नाही, पण बाहेरून तिचे लाकडी छप्पर आणि भक्कम भिंती पाहिल्या, की आल्प्सपलीकडून इटलीशी चालणाऱ्या व्यापारावर हे शहर किती श्रीमंत झाले असेल, याचा अंदाज येतो.

याच परिषदेची दुसरी बाजू काळी आहे आणि ती टाळून शहर दाखवू नये, असे मला मनापासून वाटते. चर्चमधल्या भ्रष्टाचाराविरुद्ध बोलणारा प्रागचा धर्मोपदेशक यान हुस, सिगिस्मुंडने दिलेल्या अभयपत्राच्या भरवशावर नोव्हेंबर १४१४मध्ये इथे आला आणि त्याच महिन्यात त्याला अटक झाली. काही काळ त्याला सरोवरातल्या डोमिनिकन मठात डांबले. मठाच्या त्या बेटावर आज मोठे हॉटेल आहे. ६ जुलै १४१५ रोजी इथल्या मुख्य चर्चमध्ये, म्हणजे म्युन्स्टरमध्ये, त्याला दोषी ठरवले आणि त्याच दिवशी शहराबाहेर जिवंत जाळून त्याची राख राइनमध्ये टाकली. पुढच्या वर्षी त्याचा सहकारी प्रागचा येरोनिमस याचीही तीच गत झाली. पेठेतून हुसेनस्ट्रासे या रस्त्याने श्नेत्सटोर या जुन्या वेशीकडे चालत गेलात, की हुसच्या नावाचे छोटे संग्रहालय लागते. वेशीपलीकडे, पाराडीस नावाच्या वस्तीत, १८६२मध्ये उभारलेली एक मोठी शिळा आहे. तिच्याभोवती झाडी वाढलेली असते आणि फारसे कोणी तिथे जात नाही. वडिलांना मात्र घेऊन जा.

म्युन्स्टरला किमान तासभर द्या. बहुतेक लोक मधल्या दालनात एक फेरी मारून बाहेर पडतात आणि इथल्या दोन उत्तम गोष्टी त्यांच्या नजरेतून सुटतात. एक म्हणजे तळघरात ठेवलेल्या, तांब्यावर सोन्याचा मुलामा दिलेल्या मोठ्या गोल तबकड्या, ज्यांतल्या सर्वांत मोठीवर सिंहासनारूढ ख्रिस्त कोरलेला आहे. दुसरी म्हणजे मागच्या अंगाला असलेली मॉरिशियस रोटुंडा ही वर्तुळाकार वास्तू आणि तिच्या मध्यभागी तेराव्या शतकात घडवलेली, जेरुसलेममधल्या ख्रिस्ताच्या समाधीची आठवण म्हणून रचलेली दगडी समाधी. तिच्यावरच्या मूर्तींत औषधांचे मिश्रण करणारा वैद्यही आहे आणि तो पाहताना मला नेहमी आपल्या जुन्या देवळांच्या भिंतींवरची रोजच्या जगण्यातली माणसे आठवतात. मनोऱ्यावर चढण्याचा आग्रह आईंना करू नका. चर्चसमोरच्या चौकात काचेचा लहानसा पिरॅमिड दिसेल, त्याच्याखाली उत्खननात सापडलेल्या उत्तर-रोमन किल्ल्याच्या भिंती आहेत. वरून काचेतून दिसते तेवढे पुरे.

म्युन्स्टर आणि राइन यांच्यामधली नीडरबुर्ग ही सर्वांत जुनी वस्ती दुपारच्या जेवणानंतर पाहावी. गल्ल्या अरुंद, फरसबंदी खडबडीत, घरांवर त्यांची नावे आणि साल रंगवलेले. आईंच्या पायात जाड तळव्याचे बूट असू द्या. ही सगळी वस्ती शाबूत राहण्याचे एक कारण दुसऱ्या महायुद्धात आहे. शेजारच्या स्वित्झर्लंडचे दिवे रात्री तेवत असत आणि त्यांना लागूनच असलेल्या या शहराने अंधार न पाळता आपलेही दिवे चालू ठेवले, म्हणून विमानांना सीमा ओळखता आली नाही, अशी हकिगत इथे सांगतात. शहरावर बॉम्बहल्ला झाला नाही, हे मात्र पक्के. गल्ल्यांतून उत्तरेला बाहेर पडलात, की राइनटोर हा मनोरा आणि पूल येतो. इथे थोडे थांबा. उत्तर समुद्राकडे जाणाऱ्या राइनचे किलोमीटर मोजायला याच ठिकाणच्या जुन्या पुलापासून सुरुवात होते, म्हणजे नदीचा ‘शून्य किलोमीटर’ इथे आहे. इतिहासाची आवड असलेल्या माणसाला असा एक बिंदू दाखवला, की तो पुढे वर्षभर त्याबद्दल बोलतो, हा माझा अनुभव आहे.

वेळ उरला, तर रोसगार्टन संग्रहालय पाहा. परिषदेच्या काळी इथेच राहणाऱ्या उलरिश रिशेंटाल याने लिहिलेल्या बखरीची एक सचित्र हस्तलिखित प्रत याच संग्रहालयाची आहे. भटारी, मासेविके, मिरवणुका अशी त्यातली चित्रे पाहिली, की परिषद म्हणजे नुसते धर्मपंडितांचे वाद नव्हते, हे समजते. संध्याकाळी बंदरावर या. तिथे १९९३पासून उभा असलेला नऊ मीटर उंचीचा इंपेरिया हा पुतळा स्वतःभोवती सावकाश फिरत असतो. शिल्पकार पेटर लेंक याने ती परिषदेच्या काळातली गणिका कल्पिली आहे आणि तिच्या दोन्ही तळहातांवर बसलेल्या नग्न बुटक्यांच्या डोक्यांवर पोपचा आणि सम्राटाचा मुकुट आहे. लेंकचे म्हणणे असे, की ते पोप आणि सम्राट नाहीत, त्यांचे मुकुट बळकावलेले विदूषक आहेत. आई-वडिलांबरोबर अशा पुतळ्यासमोर अवघडल्यासारखे होईल, अशी धास्ती अनेक मुले बाळगतात. आधी गोष्ट सांगून ठेवलीत तर काही अवघड होत नाही. उलट माझ्या पाहण्यात ज्येष्ठ मंडळीच त्यावर सर्वांत समंजसपणे बोलली आहेत.

सोमवार पाण्याचा. एप्रिलपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत कोन्स्टान्झच्या बंदरातून मेर्सबुर्ग, माइनाऊ, उंटरउल्डिंगन आणि युबरलिंगन अशा मार्गाने प्रवासी जहाज जाते. सकाळच्या जहाजाने मेर्सबुर्ग गाठा. गावाचा खालचा भाग काठाशी सपाट आहे, तर जुना किल्ला आणि नवा राजवाडा वर टेकडीवर आहेत आणि मधला रस्ता चांगलाच उभा आहे. आई खाली पाण्याकाठी बसतील आणि तुम्ही दोघे वर जाऊन याल, असे आधीच ठरवून घ्या. किल्ल्यात कवयित्री आनेटे फॉन ड्रोस्टे-ह्युल्सहोफ हिने आयुष्याची शेवटची वर्षे काढली आणि १८४८मध्ये तिथेच तिचा मृत्यू झाला. पुढच्या जहाजाने माइनाऊला उतरा. परतीला मात्र जहाजावर अवलंबून राहू नका. माइनाऊ पुलाने काठाशी जोडलेले आहे आणि पलीकडून शहराची बस मिळते, म्हणजे आई थकल्या तर कोणत्याही क्षणी निघता येते.

माइनाऊ हे ४५ हेक्टरांचे बेट आधी ट्युटॉनिक सरदारांच्या धर्मसंघाकडे होते. १८५३मध्ये बाडेनचा राज्यकर्ता फ्रीडरिश पहिला याने ते घेऊन तिथे दुर्मीळ वृक्ष लावले आणि विसाव्या शतकात काउंट लेनार्ट बेर्नाडोट याने त्याला आजचे फुलांच्या बेटाचे रूप दिले. सप्टेंबर हा इथे डेलियाचा महिना आहे. वसंतातल्या ट्यूलिपांचे कौतुक जास्त होते, पण मला स्वतःला हाच काळ अधिक आवडतो, कारण उन्हाळी गर्दी ओसरलेली असते आणि डेलियाचे वाफे ऐन भरात असतात. सिकोयाच्या उंच झाडांखालचे बाक आईंसाठी उत्तम. फुलपाखरांच्या घरात दमट उकाडा असतो, तिथे फार वेळ घालवू नका.

सरोवराविषयी दोन व्यावहारिक गोष्टी. काठावर ठिकठिकाणी नारिंगी दिवे आहेत. ते मिनिटाला चाळीसदा लुकलुकले तर जोराच्या वाऱ्याचा इशारा आणि नव्वददा लुकलुकले तर वादळाचा. असे दिवे दिसले, तर भाड्याची पायडलची होडी घेण्याचा बेत सोडून द्या, मग पाणी कितीही शांत दिसो. दुसरी गोष्ट आल्प्सची. दक्षिणेचा फ्योन हा कोरडा वारा वाहू लागला, की २,५०२ मीटर उंचीचा सेन्टिस पर्वत हाताला लागेल इतका जवळ दिसतो, तर धुक्याच्या दिवशी पलीकडचा काठही दिसत नाही. धुके खरे ऑक्टोबरअखेरीस दाटू लागते, म्हणून तुमचा सप्टेंबरचा बेत योग्यच आहे.

मंगळवारी सामान मुक्कामाच्या ठिकाणी ठेवून राइशेनाऊला जा. स्थानिक गाडीने राइशेनाऊ स्थानक गाठा आणि तिथून बस घ्या. ती पॉप्लर वृक्षांच्या रांगेतून बांधावरून बेटावर जाते. ७२४मध्ये पिर्मिन या भिक्षूने इथे मठ स्थापन केला. पुढे हे युरोपातले विद्येचे आणि हस्तलिखितांचे मोठे केंद्र झाले आणि २०००पासून हे बेट युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. बेटावर तीन जुनी चर्च आहेत, पण तुम्ही ओबरत्सेलचे सांक्ट गेओर्ग हे एकच नीट पाहा. त्याच्या भिंतींवर ख्रिस्ताच्या चमत्कारांची, दहाव्या शतकाच्या सुमाराची भव्य चित्रे आहेत. एवढ्या जुन्या काळातली, एवढी सलग भित्तिचित्रे आल्प्सच्या उत्तरेला फार कमी उरली आहेत. दमट हवेने आणि माणसांच्या श्वासाने त्यांना इजा होते म्हणून मे ते सप्टेंबर या काळात आत फक्त ठरावीक वेळच्या मार्गदर्शित फेरीतच सोडतात. फेरीची वेळ आधी पाहूनच गाडी ठरवा, नाहीतर दारातून परतावे लागेल. उरलेल्या वेळात आजूबाजूची भाजीची शेते आणि काचघरे पाहा. सांगलीकडची माणसे तिथे रमतात.

खाण्याबाबत शाकाहारी माणसाने इथे जास्त सावध राहायला हवे, कारण मांस अनेकदा दिसत नाही. बटाट्याचे सॅलड या भागात मांसाच्या अर्कात कालवतात, फ्लेडलेसुपे हे धिरड्याच्या पट्ट्यांचे सूपही गोमांसाच्या अर्काचे असते आणि माउलटाशन या मोठ्या सारणभरल्या तुकड्यांत बहुधा मांस असते. निर्धास्तपणे मागण्याजोगे म्हणजे ड्युनेले, पातळ भाकरीवर मलई आणि कांदा घालून भाजलेला पदार्थ. मात्र मागवताना ‘ओने श्पेक’, म्हणजे डुकराच्या मांसाशिवाय, असे स्पष्ट सांगा. चीज घातलेले केसश्पेट्सले चविष्ट असते, पण त्यात अंडे असते. दुपारी दोननंतर बऱ्याच स्वयंपाकघरांना संध्याकाळपर्यंत सुट्टी असते, तेव्हा दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर असलेली बरी. काठावर बसून खाण्यात काही गैर नाही. सप्टेंबरात गावोगावच्या मांडणीवर ताजी सफरचंदे आणि शेजारी पैशांचा डबा ठेवलेला असतो. त्यात सुटे नाणे टाकून पिशवी उचलायची.

कागदपत्रांची चिंता तुम्ही विचारली आहे. स्वित्झर्लंड जर्मनीप्रमाणेच शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, म्हणून आई-वडिलांचा व्हिसा एकाच प्रवेशाचा असला, तरी क्रॉइत्सलिंगनमध्ये फेरफटका मारून परत येण्यात अडचण नाही. सरोवराकाठी दोन शहरांमधले जुने कुंपण २००६मध्ये काढून त्या जागी योहानेस ड्योर्फ्लिंगर या कलावंताची २२ पोलादी शिल्पे उभी केली आहेत. तिथून पायी सीमा ओलांडण्याची गंमत वडिलांना जरूर दाखवा. मात्र मूळ पासपोर्ट जवळ हवेत, छायाचित्र पुरत नाही, कारण सध्या या सीमेवर तपासणी होते. स्वित्झर्लंड युरोपीय संघाच्या जकात क्षेत्रात नाही, त्यामुळे सामानाचे नियम वेगळे आहेत. आणखी एक, जुन्या शहराच्या दक्षिण टोकाला मोबाइल आपोआप स्विस नेटवर्क पकडतो आणि युरोपीय संघातली मोफत रोमिंग सवलत तिथे लागू नसते. गाडीतून उतरण्यापूर्वीच तिघांच्या फोनमध्ये नेटवर्क हाताने निवडून ठेवा आणि आईंच्या भारतीय सिमचे डेटा रोमिंग बंद करा.

आरक्षणाचा क्रम असा ठेवा. आधी लिफ्ट असलेली खोली, मग सांक्ट गेओर्गच्या फेरीची वेळ, मग जहाजाचे वेळापत्रक. माइनाऊचे तिकीट आदल्या संध्याकाळी हवामान पाहून काढले तरी चालते. सोमवारी पावसाचा अंदाज असेल, तर सोमवार आणि मंगळवार यांची अदलाबदल करा, कारण राइशेनाऊचे चर्च पावसातही पाहता येते, डेलियाचे वाफे मात्र नाही. राज्याचे तिकीट मंगळवारी सकाळी नऊच्या आत वापरू नका. संध्याकाळच्या परतीच्या गाडीत सरोवर डाव्या बाजूला येईल.